पहिली ब्रा : केव्हा आणि कशी?
मुलगी वयात येत असल्याची पहिली खूण बहुधा मासिक पाळी नसून स्तनांची वाढ ही असते. साधारणतः ८ ते १३ या वयात ती सुरू होते. पाळी त्यानंतर सुमारे २ ते ३ वर्षांनी येते. आरंभी हाताला गाठ लागणे, दुखणे किंवा दोन्ही बाजूंची वाढ कमी-अधिक असणे स्वाभाविक आहे. ब्रा वापरण्याचे ठरावीक वय नाही. धावताना-खेळताना अवघडल्यासारखे वाटू लागले, की शमीजऐवजी मऊ सुती, न काचणारी ब्रा घ्यावी. तिच्यामुळे वाढ खुंटते, हा समज निराधार आहे. संकोचापायी मुली पोक काढून चालतात, खेळ सोडतात; म्हणून आईने हा विषय वेळीच काढावा. वाढ ८ वर्षांपूर्वीच दिसल्यास किंवा १३ वर्षांपर्यंत सुरू न झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.