८० गुणांचे अंतर : बाटुमी, २८ जुलै २०२५

कोनेरू हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये. नागपूरच्या दिव्या देशमुखचा जन्म डिसेंबर २००५ चा. जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत या दोघी समोरासमोर बसल्या, तेव्हा हंपीचे ग्रँडमास्टरपद दिव्याच्या वयाहून जुने होते. हंपीचे रेटिंग २५४३, दिव्याचे २४६३.

या ८० गुणांचा अर्थ काय? ही रेटिंग पद्धत अमेरिकेत स्थायिक झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांची. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिच्या गणितानुसार ८० गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूने शंभर डावांतून साधारण ६१ गुण मिळवावेत. उरलेले ३९ म्हणजे काही चमत्कार नव्हे. शिवाय हा आकडा होऊन गेलेल्या डावांवरून निघतो, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या खेळाडूच्या तो मागेच राहतो. (इतिहासाच्या साधनांप्रमाणे त्यालाही कालचेच ठाऊक असते.) स्पर्धेत १५ वे मानांकन असलेल्या दिव्याने दुसरे मानांकन लाभलेली झू जिनर, द्रोणवल्ली हरिका आणि माजी विश्वविजेती तान झोंगयी यांना एकामागून एक बाहेर काढले होते. तिचा २४६३ हा आकडा तेव्हाच शिळा झाला होता.

खरी अडचण निराळी होती. अंतिम फेरीचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि निर्णय जलद डावांवर गेला. प्रत्येकीला १५ मिनिटे, खेळीगणिक १० सेकंदांची भर. हंपी तर २०१९ आणि २०२४ ची जागतिक रॅपिड विजेती! म्हणजे लढत थेट तिच्याच अंगणात आली.

कँडिडेट्स स्पर्धेतील जागा दोघींनाही आधीच मिळाली होती. दिव्यासाठी मात्र आणखी काही पणाला लागले होते. ग्रँडमास्टर होण्याचा नेहमीचा मार्ग तीन नॉर्म आणि २५०० रेटिंगचा. तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. विश्वचषकाच्या विजेतीला मात्र तो किताब थेट मिळणार होता.

पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळाच्या दडपणाखाली ३८ वर्षांच्या हंपीकडून चुका झाल्या आणि अखेर तिने डाव सोडला. निकाल २.५ – १.५.

दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. महिलांमध्ये चौथी; हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची. त्या तिघींपैकी दोघींना तिने याच स्पर्धेत हरवले होते.