हेमाडपंत आणि हेत्वाभास

वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, तेथे चामोर्शीनजीक मार्कंड्याचा देवालयसमूह उभा आहे. पूर्वी हा भाग चांदा जिल्ह्यात मोडे. 1982 पासून तो गडचिरोली जिल्ह्यात आहे. ही देवळे कोणी बांधली, असे महाशिवरात्रीच्या यात्रेकरूंस विचारावे, तर सुशिक्षितांकडूनही पुष्कळदा उत्तर येते, 'हेमाडपंताने.' कारण? 'दगडावर दगड आहे, मध्ये चुना नाही!'

या उत्तराची नीट मांडणी करून पाहू. हेमाडपंताची देवळे चुन्यावाचून बांधलेली. हे देऊळही चुन्यावाचून बांधलेले. म्हणून हे हेमाडपंताचे. पहिली दोन विधाने खरी मानली, तरी तिसरे त्यांतून निष्पन्न होत नाही. 'हिला शिंगे आहेत, म्हणून ही गाय', हे कणादाच्या वैशेषिकसूत्रांतील उदाहरण याच जातीचे आहे. शिंगे म्हशीलाही असतात. जो हेतू साध्याबाहेरही आढळतो, त्यास आपल्या शास्त्रकारांनी अनैकान्तिक हेत्वाभास म्हटले आहे.

आता इतिहासाची साक्ष काढू. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. परंतु तेथील शिलाहारांचा शिलालेख शके 982चा, म्हणजे इसवी सन 1060चा आहे. हेमाद्रीच्या जन्मापूर्वीच ही बांधणी रूढ होती, हे उघड आहे. मार्कंड्यास 1873-74च्या दौऱ्यात कनिंगहॅम आला. खजुराहोच्या शिल्पाशी साम्य पाहून त्याने ही देवळे दहाव्या-अकराव्या शतकांतील ठरविली.

येथे दुसऱ्या बाजूचा मोह सुटतो. 'कनिंगहॅम म्हणतो, म्हणून खरे', असे एक म्हणतो. 'तो परका, त्याला काय कळणार?' असे दुसरा. दोघेही माणसाकडे पाहतात, पुराव्याकडे कोणी पाहत नाही. शिवाय चुन्याचे प्रमाण लंगडे ठरले, एवढ्यावरून देवळे प्राचीन असल्याचेही सिद्ध होत नाही. त्यासाठी शिल्पाची घडण, शिखराची रचना, कोरीव लेख यांचीच साक्ष हवी.

'हेमाडपंती' हा शब्द बांधणीचे नाव म्हणून खुशाल वापरावा. मात्र त्या नावाला कर्ता समजलो, की वैनगंगेकाठच्या अनाम पाथरवटांचे श्रेय देवगिरीच्या दप्तरी जमा होते आणि या प्रदेशाची दोन-तीन शतके हिशेबातून गळतात.

आपल्या घरांतही हेच चालते. विद्वान मितभाषी असतात, अमका मितभाषी आहे, म्हणून तो विद्वान. एवढ्यावर सोयरिकी ठरतात. अशा वेळी वाचकांनी एकच प्रश्न विचारावा: ही खूण दुसरीकडे कोठे आढळत नाही ना? आढळत असेल, तर निकाल देण्याची घाई करू नये.