ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड

ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २००५ रोजी दिलेला निकाल आहे. स्वतःच्या राज्यातील वाईन उत्पादकांना ग्राहकांकडे थेट वाईन पाठवण्याची मुभा देणे आणि परराज्यातील उत्पादकांना ती नाकारणे घटनाबाह्य आहे, असे न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९२० साली लागू झालेली देशव्यापी दारूबंदी १९३३ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने उठवण्यात आली. याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने राज्याच्या कायद्याचा भंग करून त्या राज्यात मद्य आणण्यास मनाई केली. या अधिकाराच्या आधारे अनेक राज्यांनी उत्पादक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ विक्रेता अशी त्रिस्तरीय व्यवस्था उभारली. दुसरीकडे, राज्यघटनेतील वाणिज्य कलमानुसार राज्यांना आंतरराज्य व्यापारात भेदभाव करता येत नाही. या दोन तरतुदींतील संघर्ष हा खटल्याचा गाभा होता.

निकालपत्रातील नोंदीनुसार १९८४ ते २००२ या काळात परवानाधारक घाऊक विक्रेत्यांची संख्या १,६०० वरून ६०० वर आली, तर वाईन उत्पादकांची संख्या वाढत गेली. थोडे उत्पादन करणाऱ्या अनेक उत्पादकांना घाऊक विक्रेता मिळत नसे. त्यांच्यासाठी थेट विक्री हाच परराज्यातील ग्राहकांपर्यंत पोहोचण्याचा व्यवहार्य मार्ग होता.

खटला

मिशिगनमध्ये थेट विक्रीचा परवाना केवळ राज्यातील उत्पादकांना मिळत असे. न्यूयॉर्कमध्ये परराज्यातील उत्पादकाला त्यासाठी राज्यात कार्यालय व गोदाम उघडावे लागे. मिशिगनचा कायदा सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने रद्द केला, तर न्यूयॉर्कचा कायदा दुसऱ्या सर्किटने वैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने ही प्रकरणे एकत्र ऐकली.

निकाल

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला. अल्पवयीनांना मद्य मिळेल आणि कर बुडेल, हा राज्यांचा युक्तिवाद पुराव्याअभावी अमान्य झाला. थेट विक्रीस परवानगी देणाऱ्या २६ राज्यांतून अल्पवयीनांबाबत तक्रार नसल्याचे न्यायालयाने नमूद केले. त्रिस्तरीय व्यवस्था मात्र वैध मानली गेली. थेट विक्रीला सर्वांना परवानगी द्यावी की सर्वांना मनाई करावी, हा निर्णय राज्यांवरच सोपवण्यात आला.

न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आणि जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी स्वतंत्र विरोधी मते लिहिली. १९१३ चा वेब-केन्यन कायदा व एकविसावी घटनादुरुस्ती यांमुळे राज्यांना असे कायदे करता येतात, असे थॉमस यांचे मत होते.

परिणाम

त्याच वर्षी न्यूयॉर्क व मिशिगन यांनी कायदे बदलून परवानाधारक परराज्यीय उत्पादकांना थेट विक्रीची मुभा दिली. पुढे इतर अनेक राज्यांनीही हाच मार्ग स्वीकारला. युटासारख्या राज्यात निर्बंध कायम राहिले.

हा निकाल उत्पादकांपुरता होता. वाईनच्या दुकानांनाही तो लागू होतो का, याबाबत वाद राहिला. २०१९ मध्ये टेनेसीतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या परवान्यासाठी घातलेली दोन वर्षांच्या वास्तव्याची अट ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केली. तरीही २०२० मध्ये सहाव्या सर्किटने, परराज्यातील दुकानांना घरपोच विक्री नाकारणारा मिशिगनचा कायदा वैध ठरवला.