हललेले छायाचित्र आणि त्याचे परीक्षक

धावत्या घोड्याचे छायाचित्र चांगले की वाईट, हे सांगायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसा विचार करावा लागत नसे. घोड्याचे पाय रेखीव उमटले असतील तर चित्र साधले. पुसट झाले असतील तर फसले. कसोटी इतकी सोपी होती, की हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांवर तिने बरीच वर्षे निर्वेधपणे राज्य केले.

तिचा उगमही समजण्याजोगा आहे. ओल्या काचेच्या काळात कॅमेऱ्यासमोर माणसाला सामान्यतः काही सेकंद निश्चल बसवावे लागे. जे हलेल त्याचा धूसर डाग होई, नाहीतर ते चित्रातून नाहीसेच होई. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि पुढील दशकात सेकंदाच्या अल्पांशात चित्र घेणे हौशी माणसाच्याही आवाक्यात आले. मधल्या काळात, १८७८ च्या जूनमध्ये, एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १२ कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोडीची चित्रे घेतली. तीही ओल्या काचांवर. धावताना एका क्षणी तिचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्यांतून सिद्ध झाले. प्राण्यांच्या हालचालींच्या अभ्यासाला हे मोठेच साहाय्य होते. परंतु प्रयोगशाळेला जो रेखीवपणा हवा, तोच चित्रालाही हवा, अशी समजूत त्यामागोमाग बळावली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला. हौशी मंडळी वाढली आणि त्यांच्या चित्रांवर अभिप्राय देणारेही वाढले.

या अभिप्रायांत कोणता उपयोगी आणि कोणता निरुपयोगी, हे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या एकाच माणसाच्या चरित्रातून स्पष्ट दिसते. त्याचा जन्म १८६४ चा, न्यूयॉर्कजवळच्या होबोकन गावचा. बर्लिनला तो यंत्रशास्त्र शिकण्यासाठी गेला आणि तेथे हेर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली छायाचित्रणात रमला. १८८७ मध्ये लंडनच्या ‘अमॅच्युअर फोटोग्राफर’ या साप्ताहिकाने सुटीत घेतलेल्या चित्रांची स्पर्धा ठेवली. परीक्षक होता पीटर हेन्री इमर्सन. स्टीग्लिट्झने इटलीतील बेलाज्जिओ येथे हसणाऱ्या मुलांचे घेतलेले चित्र त्याने पहिले ठरवले आणि कारणही सांगितले: साऱ्या स्पर्धेत एवढेच काम उत्स्फूर्त होते. दोन गिनी आणि रौप्यपदक यांपेक्षा हे कारण अधिक मोलाचे होते. आपल्या हातून नेमके काय चांगले घडले, हे तेवीस वर्षांच्या तरुणाला त्यातून कळले. (याच इमर्सनने पुढे १८८९ मध्ये ग्रंथ लिहून मांडलेला आपला सिद्धान्त थोड्याच काळात, काळ्या चौकटीची पुस्तिका काढून, स्वतःच पुरून टाकला. परीक्षकाने आपले मत जाहीरपणे मागे घ्यावे, हे दृश्य तेव्हाही दुर्मिळच होते.)

२२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रचंड हिमवादळ झाले. स्टीग्लिट्झ उसना आणलेला हातकॅमेरा घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवर तीन तास उभा राहिला. बर्फात उमटलेल्या चाकोऱ्यांतून घोडागाडी समोरून येत होती. चाके, घोडे, हिमाचा मारा यांची एकत्र जुळणी होईल त्या क्षणाची तो वाट पाहत होता. काच धुऊन त्याने सहकाऱ्यांना दाखवली तेव्हा ते हसले. असले चित्र फेकून द्यावे, ते रेखीवसुद्धा नाही, आणि याला त्याचे मोठे चित्र करायचे आहे, असे त्यांचे म्हणणे पडले.

त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. चित्र पुसटच होते. चुकला तो निष्कर्ष. वादळात उभा राहिलेला माणूस कशाच्या शोधात होता, हा प्रश्न त्यांतल्या कोणी विचारला नाही. हिमकणांच्या रेघा पुसट झाल्या म्हणूनच वाऱ्याचा जोर डोळ्यांना जाणवतो. त्या ठिपक्याठिपक्यांनी गोठल्या असत्या तर वादळाचा नुसता पुरावा उरला असता. चित्रात खरा दोष होता तो निराळाच: काचेवर दोन्ही बाजूंना अनावश्यक पसारा फार आला होता. ‘कडा छाटून पाहा’ एवढे तीन शब्द त्या दिवशी पुरेसे होते. स्टीग्लिट्झने ते स्वतःलाच सांगितले. कडा छाटून, गाडी आणि चाकोऱ्या तेवढ्या ठेवून त्याने मोठे चित्र तयार केले, तेव्हा त्याच सद्गृहस्थांना आपले हसू आवरते घ्यावे लागले.

एवढे सोसलेला माणूस दुसऱ्यांची चित्रे पारखताना मवाळ झाला असेल, असे वाटेल. तसे घडले नाही. १८९३ पासून तो ‘अमेरिकन अमॅच्युअर फोटोग्राफर’ या मासिकाचा एक संपादक होता. तंत्राने निर्दोष, चित्र म्हणून कुजके, अशा अर्थाचा शेरा मारून तो हौशी लोकांची चित्रे परत करी, असे सांगतात. कचेरीच्या फायलीवर असला शेरा शोभतो. शिकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही.

मात्र १८९७ मध्ये हातकॅमेऱ्यावर त्याने जो लेख लिहिला, त्यात या फटकळपणाची पुरेपूर भरपाई झाली. त्यातला सल्ला असा आहे, की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालाही तो अंमलात आणता यावा. आधी जागा निवडावी, माणसांचा विचार न करता रेषा आणि प्रकाश न्याहाळावे; मग येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवून सारे तोलात येईल त्या क्षणासाठी थांबावे, तास गेले तरी चालतील. आपल्या हिमवादळाच्या चित्राचा दाखला त्याने तेथेच दिला आणि त्यात दैवाचाही हात होता, हे लपवले नाही. तितकेच तास त्या बर्फात काढून तो रिकाम्या हाताने परतलाही असता, असे त्याने लिहून ठेवले आहे.