छाप, पत आणि नोंदवही

व्यापाराचा इतिहास लिहिताना बंदरे, जहाजे, जकाती आणि तह यांकडे आपण जितके लक्ष पुरवितो, तितके मालावरील एखाद्या लहानशा खुणेकडे पुरवीत नाही. वस्तुतः ती खूण म्हणजे बाजारातील विश्वासाचा फार जुना दस्तऐवज होय. जो माल घडताना आपण पाहिला नाही, ज्याचा कर्ता आपल्या गावचा नाही, तो माल आपण घेतो तो त्या खुणेच्या भरवशावर. आपल्या भाषेत याला समर्पक शब्द आहे : पत. माणसाची पत त्याच्या तोंडाकडे पाहून कळते. मालाला तोंड नसते, म्हणून त्याला छाप लागते. परंतु ही छाप कोणाची मानायची? जो ती वर्षानुवर्षे वापरीत आला त्याची, की ज्याने ती सरकारी वहीत आधी नोंदविली त्याची? या एका प्रश्नाभोवती व्यापारचिन्हाचा सारा इतिहास फिरतो, आणि आज तो घरगुती मसाले विकणाऱ्या उद्योगाच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे.

छाप जितकी जुनी, तितकीच तिची चोरीही जुनी. रोमन साम्राज्यात ‘फोर्टिस’ हे नाव उमटविलेले मातीचे दिवे विकले जात. ते नाव इतके खपाऊ ठरले की दूरदूरच्या प्रांतांतील कुंभारही आपल्या दिव्यांवर तेच नाव उमटवू लागले. इंग्लंडात १३०० साली चांदीच्या वस्तूंवर कस तपासून ठसा मारण्याचा कायदा झाला. त्या ठशाचा हेतू सोनाराची कीर्ती वाढविणे हा नव्हता, तर गिऱ्हाइकाला फसवणुकीपासून वाचविणे हा होता. खूण ही मुळात गिऱ्हाइकासाठी असते, मालकाची मत्ता ती मागाहून होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली, आगगाड्या आल्या, आणि करणारा व घेणारा यांच्यामध्ये शेकडो कोसांचे अंतर पडले. तेव्हा नोंदवहीची गरज उत्पन्न झाली. फ्रान्सने १८५७ साली चिन्हांची नोंद करण्याचा कायदा केला. इंग्लंडात १८७५ साली तसा कायदा होऊन १ जानेवारी १८७६ रोजी कचेरी उघडली. बास कंपनीचा लाल त्रिकोण तेथे पहिल्या क्रमांकाने नोंदला गेला. कंपनीचा माणूस आदल्या रात्रीपासूनच दाराशी बसून होता, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यात मर्म आहे : नोंदवही उघडली की शर्यत सुरू होते. मात्र बासची पत त्या रात्रीत निर्माण झाली नव्हती. ती कित्येक वर्षांच्या मद्यविक्रीतून आली होती. नोंदीने तिला केवळ पुरावा दिला.

त्याच काळातील आणखी एक गोष्ट बोधप्रद आहे. परदेशी माल इंग्रजी नावाखाली खपविला जातो म्हणून इंग्लंडने १८८७ साली कायदा केला. अशा मालावर तो कोठे तयार झाला हे छापणे भाग पडले, आणि ‘जर्मनीत बनविलेले’ ही अक्षरे जर्मन वस्तूंवर आली. हेतू गिऱ्हाइकाला सावध करण्याचा होता. पण माल चांगला निघाला आणि तीच अक्षरे पुढे उत्तमतेची खूण ठरली. कायदा छाप मारावयास लावू शकतो. तिची पत मालच ठरवितो.

आता आपल्याकडे वळू. मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानात येई ते रंगीत चित्रांची लेबले लावून : देवदेवता, हत्ती, वाघ, राजेरजवाडे. अक्षरओळख नसलेला माणूस चित्र पाहून कापड ओळखी. आपल्या बोलण्यातले ‘अमुक छाप’, ‘तमुक मार्का’ हे प्रयोग त्याच जगातले. १८८९ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला, पण चिन्हांची नोंदवही मात्र नव्हती. व्यापारी आपल्या चिन्हाचे घोषणापत्र दस्तनोंदणीच्या कचेरीत नोंदवीत, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देत, आणि कोणी नक्कल केल्यास कोर्टात जात. नोंदणीचा पहिला कायदा १९४० चा. त्याच्या जागी १९५८ चा आला, आणि त्याच्याही जागी १९९९ चा, जो २००३ च्या सप्टेंबरात अमलात आला.

या कायद्यांखाली आपल्या न्यायालयांनी जो विचार केला, तो अभिमान वाटावा असा आहे. ‘अमृतधारा’ हे औषध विसाव्या शतकाच्या आरंभापासून लाहोरास तयार होई. फाळणीनंतर ती फार्मसी डेहराडूनला आली. दुसऱ्या एकाने ‘लक्ष्मणधारा’ नावाच्या औषधाची नोंदणी मागितली. उच्च न्यायालयास दोन्ही नावांतील फरक पुरेसा वाटला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो मानला नाही. साधा गिऱ्हाईक नावाचा समास फोडून व्युत्पत्ती पाहत नाही, त्याच्या अर्धवट आठवणीत दोन्ही नावे सारखीच वाजतात, असा त्या निकालाचा आशय आहे. पण ‘लक्ष्मणधारा’ बरीच वर्षे उघडपणे विकले जात होते आणि अमृतधारेच्या मालकांनी ते चालू दिले होते, म्हणून नोंदणी उत्तर प्रदेशापुरती राहू दिली. गिऱ्हाइकाचे कान आणि विक्रेत्याचे श्रम, दोन्ही न्यायाच्या तराजूत घातले गेले.

तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै’ हलव्याचा वाद याहून ताजा. इरुट्टुकडै म्हणजे अंधारे दुकान. येथे दोन्ही पक्षांजवळ नोंदणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की, जो आधीपासून वापरीत आला त्याचा हक्क नोंदणीहून श्रेष्ठ. सध्याच्या कायद्याचे ३४ वे कलम आधीच्या वापरकर्त्याला हेच संरक्षण देते.

येथपर्यंत प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु बाजारच बदलला. अमेझॉन ही १९९५ साली पुस्तके विकू लागलेली पेढी. २००० च्या नोव्हेंबरात तिने इतर विक्रेत्यांना आपल्या ओट्यावर बसू दिले. भारतात ती २०१३ साली आली. या बाजाराची एक रीत मुद्दाम समजून घेतली पाहिजे. आपल्या मंडईत दहा दुकानदार दहा ठिकाणी बसतात. तेथे एका वस्तूचे पान एकच असते आणि त्याच पानावर अनेक विक्रेते आपापला भाव लावतात. त्यामुळे खऱ्या मालाच्या पानावर नकली माल विकणाराही शिरू शकतो. खरा कोण हे ओळखावयास तेथे ना जुना अडत्या, ना शेजारचा दुकानदार. म्हणून कंपनीने चिन्हांची स्वतःची वही केली, आणि २०१७ साली तिला नवे रूप देताना सरकारी नोंदणीची अट घातली. पुढे काही देशांत प्रलंबित अर्जही चालू लागला.

परिणाम तत्काळ दिसला. अमेरिकेच्या कचेरीत अर्थहीन अक्षरे जुळवून केलेल्या नावांचे अर्ज ढिगाने आले, कारण असे नाव पूर्वी कोणी घेतलेले नसते आणि म्हणून लवकर मंजूर होते. त्यांतले पुष्कळ चीनमधील विक्रेत्यांचे होते. २०१९ च्या ऑगस्टपासून परदेशी अर्जदाराला अमेरिकन वकील नेमणे सक्तीचे झाले, आणि न वापरलेली चिन्हे काढून टाकण्याची सोपी वाट २०२० च्या कायद्याने केली. जी छाप पतीतून जन्मावी, ती आता पत मिळविण्यापूर्वीच, केवळ दरवाजा उघडण्यासाठी जन्मू लागली.

आपल्या दृष्टीने खरी गोम येथे आहे. समजा, एखाद्या गावातील बचत गट पंधरा वर्षे एका नावाने गोडा मसाला विकतो. ते नाव दुसऱ्याने नोंदविले, तर कोर्टात कलम ३४ गटाच्या बाजूने उभे राहील. परंतु त्या बाजाराचा कारकून वापराची पंधरा वर्षे विचारीत नाही, तो नोंदणीचा क्रमांक विचारतो. न्याय वापराकडे पाहतो, बाजार कागदाकडे. आणि दिवाळीचा हंगाम निकालासाठी थांबत नाही.

म्हणून वापराबरोबर नोंदही हवी. ते काम आवाक्याबाहेरचे नाही. २०१७ च्या नियमांनी व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क ठेवले, इतरांस ९,०००. माल व सेवा यांचे ४५ वर्ग आहेत. अर्ज मान्य झाला की तो जाहीर होतो, हरकतीस चार महिने मिळतात, आणि नोंदणी झाल्यास ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते. पुढे नूतनीकरण करता येते. मालाचे नुसते वर्णन करणारे नाव, जसे ‘उत्तम मसाला’, सहसा मिळत नाही; काहीतरी स्वतःचे नाव शोधावे लागते. अर्जात ‘कधीपासून वापरात’ ही तारीख भरताना जुनी बिले, वेष्टने आणि जाहिराती जपून ठेवलेल्या असाव्यात. आपले लहान उद्योजक माल जपतात, कागद जपत नाहीत. हा आपल्या समाजाचा जुना दोष येथे महागात पडतो.

मात्र नोंद झाली म्हणजे पत झाली, अशा भ्रमात राहू नये. फोर्टिसच्या दिव्यापासून आजच्या मसाल्याच्या पाकिटापर्यंत इतिहास एकच सांगतो : वही छापेची राखण करते, छाप मोठी करते ती वस्तू. कागद हातात असावा, पण गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा यावे ते आतल्या मालासाठी.