चावी काढली तरी जागे राहणारे भोक

२०२२ च्या चतुर्थीला आम्ही नेहमीप्रमाणे मूळ घरी गेलो होतो. पाच दिवसांचा गणपती. गाडी अंगणाच्या कडेला, फणसाखाली उभी. मुलाने मागच्या सीटवर एक छोटी शीतपेटी ठेवली होती. ती गाडीच्या लायटरच्या सॉकेटला जोडलेली होती आणि उतरताना कोणी काढली नाही. चावी माझ्या खिशात, म्हणजे गाडी बंद, एवढेच माझे ज्ञान. तिसऱ्या दिवशी पहाटे काकांना दम लागला. त्यांना बांबोळीला न्यायला हवे होते. चावी फिरवली तर गाडीने नुसता 'टिक' असा आवाज काढला आणि गप्प झाली. वाड्यावरच्या एका मुलाची रिक्षा मिळाली म्हणून निभावले. काका आज ठणठणीत आहेत आणि हा किस्सा आल्यागेल्याला माझ्यादेखत सांगतात.

नंतर बॅटरी बदलायला आलेल्या मेस्ताने विचारले, "बाब, चावी काढली की हे सॉकेट बंद होत नाही, ठाऊक नव्हते?" नव्हते. वीस वर्षे गाडी चालवूनही नव्हते. माझ्या मेहुण्याच्या गाडीत ते बंद होते, माझ्या गाडीत होत नाही. असे का, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. कचेरीत फायलींचा माग काढायची सवय असल्यामुळे याचाही माग काढला, आणि तो थेट १८८६ पर्यंत गेला.

त्या साली कार्ल बेंझने आपल्या तीनचाकीचे पेटंट घेतले. तिच्यात पेट्रोलचा धूर पेटवण्यासाठी बॅटरी आणि कॉइल होती. गाडीतल्या विजेचे तेवढेच काम. दिवे तेलाचे, आणि इंजिन सुरू करायचे ते हाताने चाक फिरवून. १८८८ मध्ये बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा वाटेत तिने इंधनाची नळी टोपीच्या पिनेने साफ केली आणि उघड्या पडलेल्या विजेच्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला, असे सांगतात. म्हणजे गाडीच्या वायरिंगची पहिली घरगुती दुरुस्ती एका बाईच्या नावावर जमा आहे. आमच्या गॅरेजांमध्ये तिची तसबीर लावायला हरकत नाही.

त्याच काळात डाइम्लरच्या इंजिनात वीज नव्हतीच. एक नळी बाहेरून ज्योतीवर तापवून लाल ठेवायची आणि तिच्या उष्णतेने आतला वायू पेटायचा. अशा गाडीला 'स्विच' कुठला असणार? दिवा पेटवला की गाडी तयार, दिवा विझवला की झोपली. पुढे रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात मॅग्नेटो आला, आणि १९०२ मध्ये तिथल्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला. हे यंत्र इंजिनाबरोबर फिरून स्वतःच ठिणगी तयार करी. त्याला बॅटरीची गरज नव्हती. गंमत अशी की असे इंजिन बंद करायला तार तोडायची नसते, जोडायची असते. मॅग्नेटोची वीज गाडीच्या लोखंडात सोडून दिली की ठिणगी मरते. त्या काळच्या चालकाला 'इग्निशनबरोबर सॉकेट बंद करा' असे सांगितले असते तर तो बुचकळ्यात पडला असता. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी १९०८ मध्ये आली तीही मॅग्नेटोवरच, आणि विजेचा स्टार्टर तिला १९१९ मध्ये मिळाला, तोही हवा असेल तर.

खरी उलथापालथ केली चार्ल्स केटरिंगने. हा गृहस्थ आधी डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत होता. गल्ल्याचे यंत्र हाताने फिरवावे लागू नये म्हणून त्याने त्याला छोटी विजेची मोटार बसवली होती. ती मोटार सतत चालायची नसल्यामुळे क्षणभर तिच्याकडून कुवतीबाहेरचे काम घेता येई. हीच युक्ती त्याने मोटारगाडीला लावली. इंजिन हँडल मारून सुरू करताना ते उलट फिरून हात मोडणे ही तेव्हा रोजची गोष्ट होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा स्टार्टर आला आणि त्याच्यासोबत दिवे, डायनॅमो आणि मोठी बॅटरी असा सगळा विजेचा संसार गाडीत आला.

संसार म्हटला की भांडण आलेच. एकच बॅटरी, आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक. कोणाला चोवीस तास वीज द्यायची आणि कोणाला इंजिन चालू असतानाच? हॉर्न, पार्किंगचे दिवे यांना कायम हवी. ठिणगीच्या कॉइलला, वायपरला, इंधनाच्या काट्याला इंजिन बंद असताना नको. विशेषतः कॉइल चालू राहिली तर बॅटरीही उतरते आणि कॉइलही तापून जाते.

इंग्रजांनी ही वाटणी रंगांनी केली. लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये बॅटरीची कायमची तार तपकिरी, इग्निशनची तार पांढरी, आणि इग्निशनच्या फ्यूजमधून पुढे गेलेली हिरवी. जर्मन माणूस रंगावर कुठला विसंबतो? त्याने आकडे दिले. डीआयएन ७२५५२ या मानकात बॅटरीची कायमची वीज म्हणजे ३०, इग्निशनने चालू-बंद होणारी १५, स्टार्टर ५०, आणि जमिनीची म्हणजे लोखंडाची ३१. या यादीत ७५ हा एक वेगळा आकडा आहे, रेडिओ आणि सिगारेट लायटरसाठी. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत विडी ओढणाऱ्याची सरकारदरबारी झालेली ही नोंद! आपल्याकडची अँबॅसिडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे लुकासच्या घराण्यातली. गोवा मुक्त झाला त्या १९६१ साली इथल्या रस्त्यांवर युरोपातून आलेल्या गाड्याही होत्या. पुढे अँबॅसिडर आणि फियाट आल्या. एकाच गॅरेजात रंगवाले आणि आकडेवाले असे दोन्ही संप्रदाय दुरुस्तीला येत असणार.

चावीचे कामही हळूहळू वाढत गेले. आधी ती फक्त वीज जोडायची. स्टार्टरचे बटण वेगळे, कधी पायाशी, कधी डॅशबोर्डवर. १९४९ मध्ये क्रायस्लरने चावी फिरवूनच इंजिन सुरू करायची सोय केली. मग चोरी रोखण्यासाठी स्टिअरिंगचे कुलूप त्याच चावीत आले. अमेरिकेत १९७० पासून चोरीविरोधी नियम लागू झाले. अशा रीतीने कुलूप, ॲक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट या चार पायऱ्या तयार झाल्या. आमच्या सॉकेटचे भांडण या दुसऱ्या पायरीवरचे आहे.

आता त्या भोकाकडे येतो. ते मुळात चिरूट पेटवण्यासाठी केलेले. सुरुवातीचे विजेचे लायटर लांब तारेने जोडलेले असत. तार ओढून तोंडाजवळ न्यायची आणि परत गुंडाळायची. गाडी चालवताना हा प्रकार कसा होत असेल देव जाणे. १९२० च्या दशकात तारेविना बाहेर निघणारे बोंड आले, आणि तापले की आपोआप टक्कन बाहेर येणारे बोंड त्यानंतर. त्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असते. ती बोंडाला दाबून धरते, पुरेशी तापली की वाकते आणि सोडून देते.

इथेच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. लायटर साधारण दहा अँपिअर ओढतो खरा, पण पंधरा सेकंदच. म्हणजे एका सिगारेटला बॅटरीतले जेमतेम ०.०४ अँपिअर-तास जातात. आणि ती जोडपट्टी स्वतःच पहारेकरी असल्यामुळे विसरण्याचा धोका नाही. मग सॉकेटला कायमची वीज दिली तर बिघडले काय? उलट बंद गाडीत बसून वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची सोय. ज्या कारखानदाराने असा विचार केला त्याने कायमची तार दिली, ज्याला बॅटरीची काळजी वाटली त्याने चावीमागची. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. लायटरपुरते.

मग सिगारेट गेली. १९९० च्या दशकापासून परदेशात राखपात्र आणि लायटर हे 'हवे असल्यास जादा पैसे' या यादीत गेले. भोक मात्र राहिले, साधारण एकवीस मिलिमीटर व्यासाचे, आणि त्यावर मोबाइल, टायरचा पंप, शीतपेटी, रस्ता चित्रित करणारा कॅमेरा असे नवे भाडेकरू आले. यांना जोडपट्टी नाही. हे आपण होऊन टक्कन बाहेर पडत नाहीत. हिशोब करून पाहिला. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला तर दिवसाला १२ गेले. दोन दिवसांनी उरलेल्या अकरात इंजिन उठणे कठीण. माझी शीतपेटी चार अँपिअरची, तिने आठ-नऊ तासांतच कारभार आटोपला असणार. मी मात्र तीन दिवस मोदक खात होतो.

उपाय साधा निघाला. काही क्रायस्लर आणि जीप गाड्यांत तर फ्यूजपेटीतच दोन जागा शेजारी असतात. फ्यूज इकडचा काढून तिकडे बसवला की कायमचे सॉकेट चावीचे होते. माझ्या गाडीत तसे नव्हते. म्हणून मेस्ताने रिले बसवला. हा रिले मोटारीहून जुना, तारायंत्रातला. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास क्षीण झालेल्या विजेकडून दुसरी ताजी वीज जोडून घेण्याची युक्ती केली. नाव आले ते टप्प्याटप्प्यावर थकलेले घोडे बदलून ताजे जोडण्याच्या प्रथेवरून. आमच्या सॉकेटात ते असे झाले: सॉकेटकडे जाणारी कायमची तार तोडून रिलेच्या ३० ला, ८७ वरून पुढे सॉकेटला, ८५ लोखंडाला, आणि ८६ ला चावीमागच्या फ्यूजमधून आलेली बारीक तार. बारीक तारेतून जाते ते अँपिअरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतके, आणि तिच्या हुकमावर जाड तार चालते. सॉकेटचा मूळचा फ्यूज मेस्ताने जागच्या जागी ठेवला. कोणी त्याऐवजी मोठा फ्यूज टाकून देतो म्हणाला तर त्याच्याकडे गाडी देऊ नये, एवढे त्याने बजावले. तार जळते ती फ्यूज वाचला म्हणून.

एका गोष्टीवर घरात एकमत झाले नाही. काकांना आता दम्याचे वाफ घ्यायचे यंत्र लागते, आणि ते गाडीच्या सॉकेटवरही चालते. चोर्ल्याच्या घाटात गाडी बंद पडली तर चावी ॲक्सेसरीवर ठेवून ते लावावे लागेल, असे मी म्हणालो. बायको म्हणाली, त्या धांदलीत चावीची पायरी कोणाला आठवणार? तिचे खोटे नव्हते. मग मेस्ताने मागच्या डिकीतले दुसरे सॉकेट तसेच कायमचे ठेवले आणि त्यावर लाल रंगाची पट्टी चिकटवली. पुढचे सॉकेट आता चावीबरोबर उठते आणि झोपते. चावी काढली की डॅशबोर्डाच्या खालून रिलेचा बारीक 'टक्' ऐकू येतो. गाडीतून उतरताना काका तो कान देऊन ऐकतात आणि मगच दार लावतात.