ताम्रावृत नौका : एका कागदाची साक्ष

नौकांच्या इतिहासांत तोफा व लढाया यांविषयीं बहुत लिहिलें गेलें. पाण्याखालील तळाचा विचार क्वचितच झाला. वस्तुतः लांकडी जहाजाचा खरा शत्रु समुद्रांतील कीटक होय. तो लांकूड पोखरी, आणि शेवाळ व शिंपले चढून गति मंदावे.

यावर उपाय म्हणून इंग्रजी आरमारानें इ. स. १७६१ मध्यें ‘अलार्म’ नामक युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पत्र्यांनीं मढविला. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर, १७६३ मध्यें, तिची तपासणी झाली. लांकूड सुरक्षित होतें. परंतु पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनीं ठोकले होते, त्यांतील बहुतेक झिजून गेले होते. कांहीं खिळे मात्र शाबूत आढळले. तेथें पत्र्यांच्या वेष्टनाचा पिंगट कागद खिळा व तांबें यांमध्यें अडकून राहिला होता! ज्यावर एक अक्षरहि नाहीं अशा कागदानें येथें निर्णायक साक्ष दिली. खाऱ्या पाण्यांत तांबें व लोखंड यांचा संयोग झाला, कीं झीज लोखंडाच्या वांट्यास येते.

सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ मध्यें हाच नियम तांब्याच्या रक्षणार्थ योजिला. तांब्यास लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडतां ते झिजत व तांबें वांचे. कोचीन येथें बांधलेल्या ‘समारंग’ नौकेवरहि हा प्रयोग झाला. तिचा तळ शेवाळानें भरला, अशी बातमी वृत्तपत्रांनीं छापली. डेव्ही यांनीं गोदींत स्वतः पाहून ती खोटी ठरविली. डेव्ही स्वतः या प्रकरणांत पक्षकार होते हें खरें. तरी ऐकीव बातमीपेक्षां प्रत्यक्ष पाहणाराची साक्ष आम्ही अधिक प्रमाण मानतों. तथापि इतर कित्येक नौकांवर शिंपले खरोखरच वाढले, व १८२५ मध्यें आरमारानें हा उपाय सोडला. तांबें किंचित् विरघळतें म्हणूनच त्याचें विष जीवांस दूर ठेवितें. झीज थांबतांच विषहि थांबलें.

पोलादी नौकेची अडचण याहून बिकट. जस्त पोलादास राखतें, पण शिंपल्यांस पुरेसें रोखीत नाहीं. तांबें शिंपल्यांस रोखतें, पण पोलादास भिडल्यास तेंच खातें. म्हणून आज पोलादावर प्रथम जस्ताचा अथवा ॲल्युमिनियमचा वितळलेला फवारा मारतात, त्यावर वीज न वाहूं देणाऱ्या रंगाचे जाड थर देतात, आणि सर्वांत वर ताम्रयुक्त रंग लावितात. मधला थर म्हणजे ‘अलार्म’वरील पिंगट कागदाचाच वंशज होय.

सबब आमची संग्राहकांस विनंती, कीं जहाजदुरुस्तीच्या हिशेबांतील खिळे, पत्रे व जस्त यांच्या याद्या क्षुल्लक समजून टाकूं नयेत. आरमारांचें बळ पुष्कळदां अशाच बाबींवर अवलंबून होतें.